कै. चिंतामणराव देशमुख आणि परदेशगमनाचे दार

महाडहून रायगडाच्या वाटेला लागले म्हणजे पाचाडच्या अलीकडे नाते हे गाव लागते. गडाच्या पायथ्याच्या या गावी १४ जानेवारी १८९६ रोजी, एका सुविद्य चांद्रसेनीय कायस्थ प्रभू घराण्यात, चिंतामण द्वारकानाथ देशमुख यांचा जन्म झाला. वडील द्वारकानाथपंत वकिली करीत. मातोश्री भागीरथीबाई अत्यंत धर्मपरायण होत्या. बाळपण बरेचसे रोह्यास गेले. रिझर्व्ह बँकेचे पहिले हिंदी गव्हर्नर, स्वतंत्र भारताचे अर्थमंत्री आणि संस्कृतचे रसिक पंडित ही त्यांची ओळख आपल्या ज्ञातीत नव्याने करून द्यावी असे नाही. या लेखात त्यांच्या चरित्राचा एकच धागा हाती घेतला आहे. परदेशी जाण्याच्या नियमांशी या पुरुषाचा आयुष्यभर संबंध आला. प्रथम त्या नियमांखालून स्वतः जाणारा विद्यार्थी म्हणून, आणि पुढे त्या नियमांचा चालक म्हणून. आज ज्ञातीतील घरोघरीच्या मुलामुलींना परदेशाची ओढ लागली असताना आणि तेथील नियमांच्या नावाने घरोघर कुरकूर चालली असताना, हा धागा तपासून पाहणे अप्रस्तुत होणार नाही.

महाड आणि पोलादपूर या तालुक्यांना दूरदेशीचे वावडे कधी नव्हते. सावित्रीच्या खाडीतून गलबते महाडच्या बंदरापर्यंत येत आणि बाणकोटमार्गे समुद्रास लागत. वरंध घाट ओलांडला की भोर आणि रोहिडखोरे. तेथले आपले ज्ञातिबंधू रंगो बापूजी गुप्ते हे साताऱ्याच्या प्रतापसिंह महाराजांची दाद मागण्यासाठी गेल्याच्या गेल्या शतकात सुमारे चौदा वर्षे लंडनात ठाण मांडून बसले होते. कुलाबा व रत्नागिरी या जिल्ह्यांतील कोकणी मुसलमान बांधव दक्षिण आफ्रिकेत केपटाऊनपर्यंत जाऊन स्थायिक झाले. पहिल्या महायुद्धात मराठा पलटणींतून कोकणचे जवान मेसोपोटेमियाच्या वाळवंटात लढले. त्यांस कोणी पारपत्र विचारले नाही, आणि समुद्र ओलांडला म्हणून प्रायश्चित्तही कोणी सांगितले नाही. मरावयास जाणाऱ्याला सर्व सरहद्दी मोकळ्या असतात. अडचण येते ती शिकावयास किंवा पोट भरावयास जाणाऱ्याची.

चिंतामणराव १९१२ साली मॅट्रिकच्या परीक्षेत पहिले आले आणि संस्कृतची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती त्यांनी मिळविली. एल्फिन्स्टन कॉलेजात काही काळ शिकून ते १९१५ साली केंब्रिजच्या जीझस कॉलेजात दाखल झाले. त्या वेळी महायुद्धास तोंड लागून वर्ष होत आले होते. त्याच वर्षाच्या अखेरीस, ३० डिसेंबरला, मुंबईकडे येणारी पर्शिया ही बोट क्रीट बेटाजवळ जर्मन पाणबुडीने बुडविली. यावरून तो प्रवास कसा होता याची कल्पना यावी. मात्र कागदपत्रांच्या बाबतीत तो काळ आजच्यापेक्षा सोपा होता. महायुद्धापूर्वी हिंदुस्थानातून विलायतेस जाणाऱ्या माणसास पारपत्राची सक्ती नव्हती. ती युद्धाच्या निमित्ताने आली आणि युद्ध संपल्यावरही गेली नाही. हिंदुस्थानात प्रवेश करणाऱ्याजवळ पारपत्र असलेच पाहिजे असा कायदा १९२० साली झाला. निमित्त सरले तरी नियम उरतो, या गोष्टीचा अनुभव चिंतामणरावांच्या चरित्रात पुढे पुन्हा येणार आहे.

परंतु कागद सोपे होते म्हणून वाट सोपी होती असे नव्हे. आय. सी. एस. ची परीक्षा त्या काळी फक्त लंडनमध्ये होत असे. आपल्याच देशात कलेक्टर व्हावयाचे, आपल्याच लोकांचा न्याय करावयाचा, तर हिंदी तरुणाने प्रथम समुद्र ओलांडला पाहिजे, असा हा नियम होता. दिसण्यात तो सर्वांना सारखा होता; इंग्रज मुलगाही तीच परीक्षा देई. पण एकास ती घराशेजारी होती आणि दुसऱ्यास हजारो मैलांवर, हजारो रुपयांच्या खर्चावर. परीक्षा दोन्ही देशांत एकाच वेळी घ्यावी ही मागणी राष्ट्रसभेने १८८५ च्या पहिल्या अधिवेशनापासून चालविली होती. १८९३ साली पार्लमेंटच्या कॉमन्स सभेने तसा ठरावही केला, पण सरकारने तो गुंडाळून ठेविला. हिंदुस्थानात ही परीक्षा पहिल्या प्रथम झाली ती १९२२ साली, अलाहाबादेस. सत्येंद्रनाथ टागोर १८६३ साली या नोकरीत शिरलेले पहिले हिंदी गृहस्थ. त्यानंतर अर्धे शतक लोटले तरी १९१५ साली त्या नोकरीत हिंदी लोकांचे प्रमाण शेकडा पाचांच्या आसपासच होते. कोणास मज्जाव न करताही दार कसे बंद ठेवता येते याचा याहून चांगला नमुना सापडणे कठीण.

या दारातून चिंतामणराव आत शिरले ते सर्वांच्या पुढे. १९१७ साली नैसर्गिक शास्त्रांची पदवी, वनस्पतिशास्त्रातील फ्रँक स्मार्ट पारितोषिक, आणि १९१८ साली आय. सी. एस. च्या परीक्षेत पहिला क्रमांक. नाते आणि रोहे येथे त्या दिवशी काय आनंद झाला असेल तो वर्णन करण्याची गरज नाही. परंतु १९१८ हे साल आणखी एका कारणाने ध्यानात ठेवण्याजोगे आहे. त्या वर्षीच्या वसंतात लोकमान्य टिळक होमरूल लीगचे शिष्टमंडळ घेऊन विलायतेस निघाले होते. कोलंबोपर्यंत ते पोहोचले आणि तेथे त्यांची पारपत्रे रद्द झाल्याचा हुकूम आला. सर्वांना परत फिरावे लागले. पुढे चिरोल याच्यावरील अब्रुनुकसानीच्या दाव्यासाठी म्हणून टिळकांना जाऊ देण्यात आले, तेही राजकीय चळवळ न करण्याच्या अटीवर. एकाच वर्षी एक महाराष्ट्रीय तरुण लंडनात सन्मानाने पहिला येतो आणि महाराष्ट्राचा सर्वमान्य पुढारी अर्ध्या वाटेवरून माघारी धाडला जातो. पारपत्र हा प्रवाशाचा हक्क नसून सरकारची मेहेरबानी आहे, ही समजूत त्या काळी रुजली, आणि स्वराज्य आल्यावरही ती पुष्कळ वर्षे टिकली.

विलायतेबाहेरच्या देशांची वागणूक तर याहून कठोर होती. १९१४ च्या मे महिन्यात कोमागाता मारू ही बोट ३७६ हिंदी उतारू घेऊन कॅनडातील व्हँकुव्हर बंदरास लागली. मायदेशातून न थांबता, एकाच प्रवासात आलेल्यासच उतरू द्यावयाचे असा तेथील नियम होता, आणि हिंदुस्थानातून तशी सरळ बोट मिळूच नये अशी तजवीज होती. दोन महिने समुद्रात तिष्ठून बहुतेक उतारू परत आले. दक्षिण आफ्रिकेने १९१३ साली कायदा करून नव्या हिंदी माणसांची वाट जवळजवळ बंद केली. अमेरिकेने १९१७ साली आशियाचा मोठा भाग वर्ज्य प्रदेश ठरविला, त्यात हिंदुस्थान होता. साम्राज्याचा प्रजाजन म्हणून मिरविणाऱ्या हिंदी मनुष्याची किंमत साम्राज्यात आणि साम्राज्याबाहेर काय होती, ते या तीन उदाहरणांवरून दिसते.

१९२० च्या सुमारास चिंतामणराव परतले आणि मध्यप्रांत-वऱ्हाडात त्यांची नोकरी सुरू झाली. इंग्लंडात असतानाच त्यांचा रोझिना या इंग्रज युवतीशी विवाह झाला होता. ज्ञातीतील जुन्या मंडळींनी त्या वेळी भुवया उंचावल्या असतील. आज त्याची चर्चा करण्याचे प्रयोजन नाही. त्यांच्या निधनानंतर १९५३ साली चिंतामणरावांनी दुर्गाबाईंशी विवाह केला, हेही येथेच नमूद करून ठेवतो. मध्यप्रांतातील वीस वर्षांविषयी येथे एवढेच सांगणे पुरे की १९३१ च्या दुसऱ्या गोलमेज परिषदेच्या कचेरीत त्यांनी चिटणिसाचे काम केले, आणि अर्थखात्यातील त्यांचा लौकिक सरकारच्या डोळ्यांत भरला.

१९३९ च्या जुलैत ते रिझर्व्ह बँकेत आले. दोनच महिन्यांत दुसरे महायुद्ध पेटले आणि सप्टेंबरमध्ये हिंदुस्थान संरक्षण नियमांखाली परकीय हुंडणावळीवर नियंत्रण बसले. त्याची अंमलबजावणी रिझर्व्ह बँकेकडे आली. या नियंत्रणाचा अर्थ साध्या भाषेत असा. परदेशी जाणाऱ्याला तेथले नाणे लागते. ते नाणे देशाजवळ मोजके असते. तेव्हा कोणास किती द्यावयाचे हे एका कचेरीने ठरवावयाचे. अर्ज, कारण, पुरावा, मग मंजुरी. स्टर्लिंग चालणाऱ्या प्रदेशात पैसा नेण्यास युद्धकाळी फारसा अडथळा नव्हता. खरी ओढाताण डॉलरची होती. परदेशाच्या दाराला आजवर एक कुलूप होते, ते पारपत्राचे. आता दुसरे लागले. आणि या दुसऱ्या कुलपाची किल्ली ज्या संस्थेकडे होती, तिचे चिंतामणराव प्रथम चिटणीस, १९४१ साली डेप्युटी गव्हर्नर आणि ऑगस्ट १९४३ मध्ये गव्हर्नर झाले. नात्याचा मुलगा दाराशी पहारेकरी होऊन बसला.

हा पहारा कशासाठी होता हे समजून घेतल्यावाचून त्यास दोष देणे किंवा त्याची स्तुती करणे दोन्ही अन्यायाचे होईल. युद्धात हिंदुस्थानने ब्रिटनला धान्य, कापड, ताग, माणसे आणि सामग्री पुरविली. त्याची किंमत रोख न मिळता लंडनात स्टर्लिंगच्या रूपाने साठत गेली. युद्धाअखेर ही शिल्लक सुमारे १,७०० कोटी रुपयांपर्यंत पोहोचली. म्हणजे हिंदुस्थान कर्जदाराचा सावकार झाला. पण सावकाराला आपला पैसा मोकळेपणाने उचलता येत नव्हता. घरात अन्नान्न दशा, १९४३ चा बंगालचा दुष्काळ डोळ्यांसमोर, आणि लंडनच्या पेढीत १,७०० कोटी! अमेरिकेत शिकावयास निघालेल्या विद्यार्थ्याला डॉलर नाकारताना नाकारणाऱ्या कचेरीचा नाइलाज होता, तो असा.

जुलै १९४४ मध्ये अमेरिकेतील न्यू हॅम्पशायर संस्थानात ब्रेटन वुड्स येथे ४४ राष्ट्रांची परिषद भरली. युद्धानंतर जगाचा पैसा कसा चालावा ते ठरविणारी ही परिषद. तिच्यातूनच आंतरराष्ट्रीय नाणेनिधी आणि जागतिक बँक जन्मास आल्या. हिंदी शिष्टमंडळाचे पुढारी सर जेरेमी रेझमन होते. सर थिओडोर ग्रेगरी, सर षण्मुखम् चेट्टी, ए. डी. श्रॉफ आणि चिंतामणराव हे त्यांचे सहकारी. अडकलेल्या स्टर्लिंगचा प्रश्न हिंदी सभासदांनी तेथे नेटाने मांडला. यश आले नाही. नाणेनिधीत मात्र हिंदुस्थानला ४० कोटी डॉलरचा हिस्सा मिळाला आणि रशिया बाहेर राहिल्याने पहिल्या पाच राष्ट्रांत जागा मिळाली. ही हकीकत अर्थशास्त्राच्या ग्रंथांत सापडते. ग्रंथांत सहसा न येणारी गोष्ट वेगळी आहे. ज्या देशात बसून चिंतामणराव जगाच्या तिजोरीचे नियम लिहीत होते, त्या देशाच्या कायद्याने त्या दिवशी कोणाही हिंदी मनुष्यास तेथे स्थायिक होण्याची बंदी होती आणि नागरिकत्वाचा हक्क नव्हता. ती बंदी सैल झाली ती २ जुलै १९४६ च्या कायद्याने. किती सैल? चाळीस कोटींच्या देशास वर्षाला शंभर माणसे. पाहुणा म्हणून सन्मान, शेजारी म्हणून मज्जाव. हा अनुभव आजच्याही काही पाहुण्यांना परिचित वाटेल.

युद्ध संपले, पण नियंत्रण संपले नाही. चिंतामणराव गव्हर्नर असतानाच २५ मार्च १९४७ पासून परकीय चलन नियंत्रणाचा स्वतंत्र कायदा अंमलात आला. युद्धाची तात्पुरती व्यवस्था शांततेची कायमची व्यवस्था झाली. त्या काळी ते टाळता येण्यासारखे नव्हते असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे: धान्य आयात करावयाचे, यंत्रे आणावयाची, फाळणीचा घाव सोसावयाचा आणि हाती डॉलर नाहीत. चिंतामणरावांच्या स्वच्छ हाताविषयी त्यांच्या विरोधकांनीही शंका घेतली नाही. तथापि व्यवस्थेचा गुणदोष तिच्या पहिल्या चालकाच्या सचोटीवरून ठरत नाही. चालक बदलतात, अर्जाचा नमुना राहतो.

१९५० साली ते अर्थमंत्री झाले. त्याच वर्षी पॅरिसमध्ये नाणेनिधी व जागतिक बँक यांच्या वार्षिक सभेचे अध्यक्षपद त्यांनी भूषविले. १९५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत ते कुलाबा मतदारसंघातून लोकसभेवर गेले. कुलाबा जिल्ह्यात मोडणाऱ्या महाड-पोलादपूरला आपला माणूस दिल्लीत बसल्याचा अभिमान वाटला असल्यास नवल नाही. १९५६ साली मुंबई महाराष्ट्रापासून तोडण्याचा घाट घातला गेला तेव्हा त्यांनी मंत्रिपदावर लाथ मारली. पोलादपूरच्या खोऱ्यातील चाकरमान्यांना त्या राजीनाम्याचा अर्थ कोणी समजावून देण्याची गरज नव्हती. त्यांची मुंबई हीच विलायत होती, आणि तेथे जाण्यास एस. टी. च्या तिकिटाखेरीज दुसरे पारपत्र लागत नव्हते.

त्यांनी मंत्रिपद सोडल्यावर वर्षभरात परकीय चलनाची टंचाई विकोपास गेली आणि दार आणखी आवळले गेले. १९६० नंतरच्या दशकात परदेशी जाणाऱ्याला बोटीचे वा विमानाचे तिकीट काढण्यापूर्वी पी फॉर्म मंजूर करून घ्यावा लागे, आणि हाती अवघे तीन पौंड घेऊन लंडनात उतरणाऱ्यांच्या कथा त्या पिढीच्या कित्येक घरांत आहेत. पारपत्राचेही तेच. ते द्यावे की न द्यावे हे १९६७ पर्यंत सरकारच्या मर्जीवर होते. १० एप्रिल १९६७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने, तीन विरुद्ध दोन न्यायमूर्तींच्या बहुमताने, परदेशी जाण्याचा हक्क व्यक्तिस्वातंत्र्याचा भाग असल्याचा निर्णय दिला, तेव्हा कोठे त्याच वर्षी पारपत्राचा कायदा झाला. कोलंबोहून टिळकांना परत फिरविल्यास तोवर एकोणपन्नास वर्षे झाली होती.

या नियमांविषयी आमच्याकडील लोकमत कसे होते? दोन प्रकारचे, आणि बहुधा एकाच घरात दोन्ही. देशाचा पैसा देशात राहावा, मौजेखातर कोणी तो परदेशी उधळू नये, हे शेतकऱ्यास सहज पटे. स्वतःच्या घरातही तो तसाच काटकसरीने वागे. पण आपल्याच मुलास प्रवेश मिळाला, आणि मुंबईच्या कचेरीत खेटे घालून वहाणा झिजल्या, की तोच नियम त्याला जुलूम वाटू लागे. त्यातून ओळखीपाळखीच्या माणसाचा अर्ज आठ दिवसांत निघाल्याची वार्ता आली म्हणजे उरलासुरला आदर संपे. सामान्य माणसाचा राग नियमाच्या कडकपणावर फार काळ टिकत नाही. एकास एक आणि दुसऱ्यास दुसरा असे दिसले की मात्र तो शमत नाही. परवाने वाटणाऱ्या राज्यात भ्रष्टाचार शिरतो हे चिंतामणरावांनाही दिसत होते. १९५९ साली, विद्यापीठ अनुदान मंडळाचे अध्यक्ष असताना, उच्चपदस्थांवरील भ्रष्टाचाराच्या तक्रारींची चौकशी करण्यासाठी स्वतंत्र न्यायमंडळ नेमावे अशी मागणी त्यांनी उघडपणे केली. सत्ताधाऱ्यांना ती रुचली नाही. १९६९ साली परमिटराज्याविरुद्ध उभ्या राहिलेल्या स्वतंत्र पक्षाने आणि जनसंघाने त्यांना राष्ट्रपतिपदासाठी उभे केले. एकेकाळच्या पहारेकऱ्यास पहारा उठविण्याची मागणी करणाऱ्यांनी उमेदवार करावे, हा योग काही त्यांच्या टीकाकारांनी मानला तसा विसंगत नाही. दाराशी बसलेल्याइतकी दाराची माहिती दुसऱ्या कोणास असते?

आज ते दुसरे कुलूप निघाले आहे. १९४७ च्या कायद्याचा १९७३ साली अधिक कडक अवतार झाला आणि तो २००० सालच्या जूनपासून सौम्य कायद्याने बदलला. आता रहिवाशास वर्षाला अडीच लाख डॉलरपर्यंत रक्कम बाहेर नेण्याची मुभा आहे. तीन पौंडांची गोष्ट नातवंडांना खोटी वाटते. पारपत्रासाठी पूर्वीसारखे हेलपाटे नाहीत. पण दार उघडले म्हणावे तर तसेही नाही, कारण कुलूप आतून निघून बाहेरून लागले आहे. अमेरिकेत नोकरीसाठी लागणारे एच-वन-बी परवाने वर्षाला ८५,००० इतकेच, आणि ते सोडतीने. कायम वास्तव्याच्या नोकरीविषयक परवान्यांत कोणाही एका देशाचा वाटा शेकडा सातांहून अधिक नाही. लहानशा बेटास जो नियम तोच आपल्या अफाट देशास. आय. सी. एस. च्या परीक्षेसारखाच हाही नियम कागदावर सर्वांना सारखा आहे. आखातात मजुरीस जाणाऱ्या, दहावी न झालेल्या माणसाच्या पारपत्रावर मात्र आजही आपल्याच सरकारच्या परवानगीची अट असते. ती त्याच्या रक्षणासाठी आहे, हे खरे. पण पदवीधराला न लागणारा हा उंबरठा त्याला लागतो, हेही खरे. आपल्या ज्ञातीत पदवीधर पुष्कळ, म्हणून या उंबरठ्याची चर्चा आपल्या बैठकींत होत नाही. महाड-पोलादपूरच्या वाड्यावस्त्यांवर ती होते.

चिंतामणराव पुढे दिल्ली विद्यापीठाचे कुलगुरू झाले. इंडिया इंटरनॅशनल सेंटरच्या उभारणीत त्यांचा मोठा वाटा होता. १९५९ साली त्यांना मॅगसेसे पुरस्कार आणि १९७५ साली पद्मविभूषण मिळाले. सर्व व्यापांतून त्यांनी कालिदासाच्या मेघदूताचे मराठीत रूपांतर केले; धन्याच्या हुकुमाने वर्षभर परमुलखी अडकलेल्या यक्षाची ती कथा हुंडणावळीच्या फायली तपासणाऱ्या हातून मराठीत आली, ही मौज रसिकांनी लक्षात घ्यावी. दुर्गाबाई १९८१ साली गेल्या. २ ऑक्टोबर १९८२ रोजी हैदराबाद येथे चिंतामणरावांचे देहावसान झाले. त्या दिवशीही मुंबईच्या विमानतळावरून निघणारा प्रवासी रिझर्व्ह बँकेने ठरवून दिलेले मोजके डॉलर खिशात घालूनच विमानात चढत होता.